घाट बंद पडला की: गाडी वळवावी की नाशिकरोडला थांबवावी?

पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की रेल्वेपुढे दोनच मोठे मार्ग उरतात.

पहिला, गाडी मनमाडवरून दौंड-पुणेमार्गे कल्याणला वळवायची. भुसावळकडून मुंबईला निघालेल्यांना हे बरं. उशीर होतो, पण जागेवरून उठावं लागत नाही. नाशिककरांचं मात्र स्टेशनच गळतं. मागच्या पावसाळ्यात नाशिकरोडला एक आजी पिशवीवर हात ठेवून बसल्या होत्या, मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या. गाडी मनमाडवरूनच वळली, हे त्यांना शेजारच्या पोराने मोबाईलवर बघून सांगितलं. अशा वेळी टीडीआर, म्हणजे तिकिटाच्या परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण पैसे मिळतात, पण आजींना ते कोण सांगणार?

दुसरा, गाडी नाशिकरोडला किंवा इगतपुरीला संपवून तिथूनच परत सोडायची. यात रेक (गाडीच्या डब्यांचा संच) अडकत नाही, परतीची गाडी फारशी उशिरा सुटत नाही. पुढे कसाऱ्यापर्यंत एसटी किंवा काळीपिवळी, तिथून लोकल. सामान आणि लहान मुलं असली की हाल होतात.

घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर; चढायला मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) लागतात. त्यामुळे एक मार्गिका सुरू झाली तरी तुंबलेल्या गाड्या हळूहळूच सुटतात. म्हणून दिवसाच्या गाड्या नाशिकरोडला संपवाव्यात, लांब पल्ल्याच्या वळवाव्यात, असं मला ठामपणे वाटतं. फक्त घोषणा मराठीत, वेळेवर आणि पुन्हापुन्हा व्हायला हवी.