डेलिया लावायचाय: बी, छाटकलम की कंद? नागपूरच्या उन्हाचा हिशेब धरून

डेलियावरचं बरंचसं लिखाण थंड प्रदेशांतलं असतं. तिथे कंद वसंतात लावतात, उन्हाळ्यात फुलं काढतात आणि जमीन गोठायच्या आत कंद उकरून घरात ठेवतात. नागपुरात हे चक्र नेमकं उलटं फिरतं. इथे फुलं डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात आणि कंद वाचवायचा असतो तो थंडीपासून नव्हे, नवतप्यापासून, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांपासून. म्हणून बी पेरावं, कलमाची (तोडलेला फुटवा रुजवून केलेली) रोपं आणावीत की कंद जपावेत, हे ठरवताना आधी एकच पाहा: मे महिन्यात तुमच्या घरात कोरडी आणि त्यातल्या त्यात गार अशी जागा आहे का?

बी: स्वस्त आणि बिनघोर, पण फूल नशिबाचं

बियांच्या पाकिटात बहुधा बुटक्या जाती असतात. फिगारोसारख्या जातीचं झाड फूट-सव्वाफुटाचं होतं, त्याला काठी लागत नाही आणि 8 इंचांची कुंडी पुरते. गॅलरीसाठी हाच पर्याय बरा.

पेरणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पावसाचा जोर ओसरल्यावर करा. ट्रेमध्ये निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं गांडूळखत घ्या, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका आणि ट्रे सावलीत ठेवा. 5 ते 10 दिवसांत उगवण होते. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं: रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. ही मर दाट पेरणी आणि सततच्या ओलीमुळे येते. पाणी वरून शिंपडण्याऐवजी ट्रे थोडा वेळ पाण्यात टेकवा आणि वरचा थर सुकल्यावरच पुन्हा द्या. चार खरी पानं आली की रोपं वेगळी करा. पेरणीपासून साधारण 10 ते 12 आठवड्यांत फूल दिसतं.

बियांची एक मर्यादा मात्र कशानेही सुटत नाही. बागेतल्या डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे मोठ्या लाल फुलाचं बी धरलं तरी त्यातून काय निघेल याचा नेम नाही. एकेरी, फिक्या रंगाची फुलंही बरीच निघतात. ठरावीक रंग हवा असेल तर बियांच्या वाटेला जाऊ नका.

छाटकलम: मोठ्या फुलाचा खात्रीचा रस्ता

पुष्पप्रदर्शनात दिसणारी ताटाएवढी फुलं सहसा कलमाच्या रोपांवरची असतात. कलम आईझाडासारखंच निघतं आणि त्याची मुळं ताजी असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नर्सऱ्यांमध्ये मुळं फुटलेली रोपं मिळतात. घेताना पानं उलटून बघा: बारीक जाळी किंवा धूळ बसल्यासारखे ठिपके असतील तर कोळी ही रस शोषणारी कीड आहे. पानांवर पिवळसर चट्टे, शिरांलगत फिका पट्टा आणि झाड आखूड राहिलेलं दिसलं, तर तो मोझॅक विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही, रोप सोडून द्या. चिकणमातीच्या गोळ्यातलं रोप तसंच कुंडीत पुरलं तर गोळा दगडासारखा होतो आणि पाणी बाजूने निघून जातं. गोळा आधी पाण्यात मऊ करा आणि कडा हलक्या हाताने मोकळ्या करा.

कलम घरी करायचं तर कंद ऑगस्टमध्ये जागे करावे लागतात. पोळ्याच्या सुमारास कंद ओलसर वाळूत अर्धे उघडे ठेवले की गळ्याजवळचे, म्हणजे जुन्या दांड्याच्या बुंध्याशी असलेले, डोळे फुटतात. फुटवा 7-8 सेंटिमीटर झाला की धारदार ब्लेडने, तळाशी कंदाचा पातळसा तुकडा राहील असा काढा. फुटवा आतून भरीव हवा. पोकळ झालेल्या दांड्याला मुळं सहसा फुटत नाहीत, तो सडतो, आणि बहुतेक कलमं इथेच फसतात. खालची पानं काढा, कापलेलं खालचं टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत बुडवा आणि निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट यात खोचा. ऊन नको, वारा नको, दिवसातून दोनदा फवारा. 15 ते 20 दिवसांत मुळं येतात. ती आली का हे पाहायला रोप उपटू नका, शेंड्याला नवं पान फुटलं की समजा.

मुळं आल्यावर आधी 4 इंचांची कुंडी, मग 12 इंचांची. दोन भाग गाळाची किंवा लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, वर मूठभर हाडांचा चुरा आणि तेवढीच निंबोळी पेंड. नुसती आपली काळी माती वापरू नका. ओली असताना ती चिखल धरते, सुकली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा मुळंच मरतात. जमिनीत लावायचंच असेल तर फूटभर उंच वाफा करा.

चार-पाच पानजोड्या झाल्या की शेंडा खुडा, काठी मात्र लावतानाच रोवा. नंतर रोवली तर कंदात घुसते. मोठं फूल हवं असेल तर टोकाला येणाऱ्या तीन कळ्यांपैकी मधली ठेवून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच काढा. कळी दिसल्यावर मोहरीच्या ढेपेचं (पेंडीचं) पाणी द्या: पाव किलो ढेप 3 लिटर पाण्यात 4-5 दिवस भिजवून, दहापट पातळ करून, पंधरवड्यातून एकदा. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. युरियाचा हात मात्र आवरा. झाड हिरवंगार होतं, फूल लांबतं आणि कंद पाणचट होतो. जानेवारीच्या गार रात्रींत पानांवर भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम फवारा. मार्चच्या उन्हात तेच गंधक पानं भाजतं.

कंद: विकत घेणं वेगळं, जपणं वेगळं

रंगीत चित्राच्या पाकिटातले कंद मोहात पाडतात. त्यातले बरेच थंड प्रदेशांतल्या हंगामाच्या हिशेबाने बाजारात येतात, म्हणजे जानेवारीनंतर. फेब्रुवारीत लावलेला कंद कळीवर येतो तो एप्रिलच्या 42 अंशांत, आणि कळ्या जळून जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत मिळाला तरच घ्या. घेताना जाडीला भुलू नका. बटाट्यासारखे डोळे डेलियाच्या कंदाच्या अंगावर नसतात, ते फक्त जुन्या दांड्याच्या बुंध्याशी असतात. बुंध्याचा तुकडा नसलेला किंवा मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी फुटणार नाही. घरचा गड्डा (कंदांचा झुबका) वाटतानाही हाच नियम: डोळे फुगून दिसेपर्यंत थांबा, मग प्रत्येक भागाला एक डोळा ठेवून कापा आणि काप राखेत बुडवून दोन दिवस सुकू द्या.

आता उन्हाळ्यातल्या साठवणीबद्दल. मार्चमध्ये पाणी कमी करत जा. पानं वाळली की दांडा 15 सेंटिमीटर ठेवून कापा. दांडा पोकळ असतो, त्यात साचलेलं पाणी थेट गळ्यावर उतरून डोळे सडवतं. त्यामुळे यापुढे दांड्यावरून पाणी अजिबात नको.

कंद उकरून कोरड्या कोकोपीटमध्ये, संत्र्याच्या पेटीत ठेवायचा प्रकार पुस्तकी आहे आणि नागपुरात तोच जास्त फसतो. घरात पस्तिशीच्या आसपासची हवा आणि खुरपं लागून सोललेली साल, यामुळे कंद जूनपर्यंत सुरकुतून खारकेसारखे होतात. ते कूलरच्या खोलीत ठेवले तर उलटा घोळ: दमट हवेने बुरशी धरते. कंद कुंडीतच ठेवणं बरं. कुंडी आडवी करून जिन्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीशी ठेवा. टिनाच्या शेडखाली नको, मेमध्ये तिथे भट्टी असते. पंधरवड्यातून एकदा कडेची माती जेमतेम दमट होईल इतकंच, कपभर पाणी. मृगाचा पाऊस सुरू झाला की कुंडी आधी आत घ्या. नवतप्यात तगलेले कंद बरेचदा जूनच्या पहिल्या सरींत कुजतात.

चार-दोनच आवडते रंग असतील तर फ्रिजचा भाजीचा कप्पाही चालतो. कंद किंचित दमट कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत घाला. बर्फाच्या कप्प्याशी टेकू देऊ नका.

या सगळ्याहून चांगली एक युक्ती आहे. नोव्हेंबरमध्ये एक-दोन कलमं 5 इंचांच्या कुंडीत लावा, त्यांना ढेप देऊ नका, मोठ्या कुंडीत हलवू नका. डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आसपास येतो आणि दिवस लहान झाले की डेलिया कंद धरायला लागतो. त्या कुंडीत लहान, घट्ट गड्डा तयार होतो. मोठ्या झाडाच्या लांबट, नाजूक मानेच्या कंदांपेक्षा हा उन्हाळा जास्त सोसतो आणि जिन्याखाली जागाही कमी खातो.

मग घ्यायचं काय?

पहिलाच हंगाम, गॅलरी आणि तीन-चार तासांचंच ऊन असेल तर बी. गच्चीवर निदान सहा तास ऊन आणि प्रदर्शनासारखं फूल हवं असेल तर दरवर्षी नवी कलमाची रोपं; उन्हाळ्याची झंझट नको असेल तर झाड मार्चमध्ये खुशाल टाकून द्या, त्यात कमीपणा नाही. कंद जपायचे ते एखादा रंग पुन्हा मिळणार नाही म्हणून, आणि तेही झाड म्हणून लावायला नव्हे, तर ऑगस्टमध्ये कलमं काढायला. जुना गड्डा तसाच लावला तर दहा कोंब येतात, फुलं लहान होतात आणि मधोमध कूज सुरू होते.

कंद ठेवणार असाल तर फुलं असतानाच रंगाची चिठ्ठी लावा, पेन्सिलीने लिहून. मार्करची शाई मेपर्यंत उडते आणि ऑगस्टमध्ये सगळे कंद सारखेच दिसतात.