बॅकप्लेट-विंग घेतली, हार्नेस बसवला, विहिरीत उतरून पाहिलं : माझा अनुभव

नमस्कार मंडळी. पवनी तालुक्यातल्या गावात राहून कोणी स्कुबाच्या सामानाचा रिव्ह्यू लिहील असं वाटलं नव्हतं, पण वैनगंगा दारात आहे, वर गोसीखुर्दचं एवढं पाणी आहे आणि दरवर्षी कोणीतरी बुडतंच. म्हणून मी तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत कोर्स केला, आता शोध-बचाव पथकातल्या मित्रासोबत सराव करून राहिलो. यंदा धानाचे पैसे आले तसा स्वतःचा सेट मागवला : पाठीवर सिलेंडर धरणारी 3 मिमी स्टीलची प्लेट (तीच बॅकप्लेट), एका सिलेंडरची 30 पौंड उचलणारी गोल विंग, म्हणजे पाण्यात तरंगवणारी हवेची पिशवी, हार्नेससाठी दोन इंची पट्टा, बक्कल आणि सामान अडकवायच्या डी-रिंग.

आधी तक्रार सांगतो. दुकानदाराचं नाव घेत नाही, पण सेटसोबत कसं जोडायचं याचा एक कागदसुद्धा नव्हता, आणि पट्टा ज्या चपट्या अडकवणीतून जातो, ट्रायग्लाइड म्हणतात त्याला, त्यातल्या दोनाची कड इतकी धारदार होती की एकदा ओढल्यावरच पट्ट्याचे धागे निघाले. फोन केला तर बघतो म्हणाले, ते आजपर्यंत बघूनच राहिले. शेवटी कानस घेऊन मीच कडा घासल्या. तुमचा सेट आला की पट्टा ओवायच्या आधी प्रत्येक फटीतून बोट फिरवून पाहा, बोटाला लागलं तर पट्ट्यालाही लागणारच.

आता मुख्य गोष्ट. हा हार्नेस म्हणजे एकच सलग पट्टा. प्लेटच्या वरच्या फटींतून दोन्ही खांद्यांवर येतो, काखेखालून खालच्या फटींत जातो आणि पुढं कंबरपट्टा होऊन बसतो. शिवण नाही, प्लास्टिकचं क्लिप नाही, म्हणजे तुटायला फारसं काही नाही. पण तो तुमच्या अंगाच्या मापाचा तुम्हालाच करावा लागतो आणि तिथंच लोक कंटाळतात. मला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी मी शर्टावर माप घेतलं, ते चुकलंच, कारण वेटसूट, म्हणजे पाण्यातला जाड रबरी सूट, घातल्यावर खांद्याला आवळायला लागलं. सूट घालूनच माप घ्या, घरचे काय म्हणतील ते म्हणोत. कोरडा नवा पट्टा फटीतून जातच नव्हता, बाबूजी म्हणाले, "भिजव ना त्याले, दोर भिजल्याशिवाय कुठं ऐकते." बादलीत अर्धा तास टाकला आणि सरळ गेला. बाबूजींनी आयुष्यभर बैलांची जुपणी बांधली, त्यांनीच पाठीमागून पाहून सांगितलं की डावी बाजू दोन बोटं लांब आहे. आरशात ते मला दिसलं नसतं.

प्लेट किती वर बसवायची? हात मानेमागून खाली नेला तर बोटांना प्लेटची वरची कड लागली पाहिजे, त्याहून खाली गेली तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह पाण्यात हाताला येत नाही. खांद्याचा पट्टा घट्ट नको, दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत आणि कोणाच्या मदतीशिवाय हात बाहेर निघाला पाहिजे. घट्ट ठेवायचा तो कंबरेचा. बक्कल पोटाच्या मधोमध न ठेवता थोडं उजवीकडं घ्या, कारण मधून जांघेचा पट्टा येतो, म्हणजे प्लेटच्या खालून दोन पायांमधून पुढं येणारा वेगळा पट्टा. आणि तो जांघेचा पट्टा अवघडल्यासारखं होतं म्हणून काढू नका, तो नसला की पाण्यावर विंग फुगल्याबरोबर प्लेट मानेपर्यंत सरकते. जास्तीचा पट्टा तिरपा कापून कड मेणबत्तीवर वितळवा आणि गरम असतानाच चमच्याच्या पाठीनं दाबा. पण लगेच कापू नका, दोन-तीन डाइव्ह झाल्यावर कापा, पट्टा थोडा ताणतोच.

खांद्याच्या पट्ट्यावर टॉर्च अडकवायला रबर लागतं, ते पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणून कापलं. दुनियाभरचे डायव्हर हेच करतात. फक्त आपल्या मे महिन्याच्या उन्हात ते तडकतं, म्हणून सामान टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका.

मग मोठ्या बाबांच्या वावरातली विहीर. जानेवारीत 25 फूट पाणी होतं, मित्रानं भरलेले सिलेंडर आणले, तो माझ्यासोबत पाण्यात आणि मोठे बाबा काठावर दोरी धरून. एकट्यानं हे करू नका, आणि कोर्स नसेल तर मुळीच नको. सिलेंडरचा कॅम्बँड, म्हणजे सिलेंडर प्लेटला बांधणारा पट्टा, उतरण्याआधी ओला करून आवळा, कोरडा आवळला तर पाण्यात ढिला होऊन सिलेंडर सरकते.

पाण्याखाली जायला अंगावर वजन म्हणून शिसं बांधतात, ते किती लागेल ते आधी घरीच काढलं होतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून अडीच टक्के जड, मी सामानासकट शंभर किलोच्या आसपास, म्हणजे इथं अडीच किलो शिसं तसंच कमी. त्यात प्लेट 2.7 किलोची, पाण्यात थोडी कमी भरते. तारकर्लीला जॅकेटवर, म्हणजे हवा भरायच्या नेहमीच्या डायव्हिंग जॅकेटवर, 6 किलो लागायचं, विहिरीत एका किलोवर भागलं. मग मुद्दाम विंग पूर्ण रिकामी करून भरलेल्या सिलेंडरसकट नुसत्या फिनवर, म्हणजे पायातल्या वल्ह्यांवर, वर येऊन पाहिलं. आलो, श्वास लागला पण आलो. विंग फाटली तर काय, याचं उत्तर हे एवढंच आहे, म्हणून हे जमेपर्यंत खोल जाऊ नका. भरलेल्या सिलेंडरमध्ये अडीच किलोवर नुसती हवाच असते हे लक्षात ठेवा, शेवटी ती संपली की तुम्ही हलके होता, म्हणून रिकाम्या सिलेंडरवरही तपासा.

आता पैसे वसूल झाले का? माझ्यासाठी झाले. जॅकेटमध्ये माझी छाती वर आणि पाय खाली जायचे, फिन मारली की तळाचा गाळ उठून हातभर दिसायचं नाही, आणि नदीत माणूस शोधायचा असेल तर तिथंच सगळा खेळ संपतो. प्लेटवर मी आडवा, चटईवर झोपल्यासारखा राहिलो, गाळापासून दोन हात वर. तळाशी मोठ्या बाबांच्या जुन्या मोटरचा पाइप आणि एक पितळी गुंड, म्हणजे पाणी भरायचं भांडं, दिसला, गाळ जागचा हलला नाही. पाण्यावर आल्यावर मात्र विंग जास्त फुगवली तर तोंड पुढं झुकतं, म्हणून थोडीच हवा भरा आणि मागं रेला.

पहिल्यांदाच डाइव्ह करणाऱ्यानं भाड्याच्या जॅकेटवरच शिकावं, हे सामान घाईनं घेऊ नये. घेतलंच तर विंग रात्रभर फुगवून ठेवा, सकाळी तेवढीच टणक असली तरच पाण्यात न्या. माझी होती. डाव्या खांद्याची डी-रिंग अजून एक बोट खाली घ्यायची आहे, हात आडवा केला की थोडी वर लागते. तो गुंड पुढच्या रविवारी काढणार, आजीचा आहे म्हणतात.