पॉपिन्स बोल्ड: मराठी-इंग्रजी पाटीसाठी माझी पहिली पसंती

मी दुकानांच्या पाट्या बनवते. गिऱ्हाईक बहुतेक वेळा इंग्रजी नाव ठरवूनच येतं, आणि मराठीसाठी हाताला लागेल तो फॉन्ट लावला जातो. वर गोल, एकसारख्या जाडीची इंग्रजी अक्षरं आणि खाली बोरूच्या वळणाची मराठी. दोन वेगळ्या दुकानांच्या पाट्या एकाखाली एक ठोकल्यासारखं दिसतं ते. मला हे फार खुपायचं.

पॉपिन्स या फॉन्टमध्ये तसं होत नाही, कारण त्याच्या दोन्ही लिप्या एकाच विचारातून घडल्या आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा हा फॉन्ट. देवनागरी अक्षरं निनाद काळे यांची, रोमन म्हणजे इंग्रजी अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची. दोन्हींचा पाया वर्तुळ. रेघ जवळपास एकाच जाडीची, पण जिथे रेघा एकमेकींना मिळतात तिथे हलकेच बारीक केलेली. जाड अक्षरात 'क'च्या दांड्यापाशी काळा गोळा दिसत नाही, तो यामुळेच.

आणखी एक गोष्ट पाटीवाल्यांच्या फार कामाची. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पॉपिन्समध्ये रोमन कॅपिटल मुळातच देवनागरी अक्षरापेक्षा बुटकी आहेत. त्यामुळे दोन्ही ओळींना एकच साइज दिला तरी मराठी आपोआप उठून दिसतं, ओढूनताणून मोठं करावं लागत नाही.

अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापतानाही तो साथ देतो. शिरोरेषेमुळे बहुतेक शब्द एका तुकड्यात निघतात, अनुस्वारासारखे सुटे भाग तेवढे वेगळे चिकटवायचे. रेघेची जाडी सारखी असल्याने आत एलईडीची माळ सगळीकडे बसते आणि उजेड एकसारखा पडतो. बोरूच्या वळणात रेघ जिथे निमुळती होते तिथे माळ मावतच नाही.

सगळ्यात बारीक थिनपासून सगळ्यात जाड ब्लॅकपर्यंत नऊ जाड्या आहेत. पाटीला बोल्ड, कार्डाला सेमीबोल्ड असा माझा हिशोब. ब्लॅक फक्त मोठ्या आणि साध्या शब्दांना. 'द्ध', 'ष्ट', 'क्ष' यांच्या आतली पांढरी जागा त्यात इतकी कमी उरते की लहान आकारात शाई भरून जाते. नुसतं इंग्रजी लिहायचं असेल तर दोन ओळींमधलं अंतर हाताने कमी करा. वेलांट्या-उकारांसाठी राखलेली जागा तिथे उगाच मोकळी दिसते.

लग्नपत्रिकेला मात्र मी तो लावत नाही. तिथे बोरूचा जाड-बारीक फराटाच हवा. लांबलचक मजकुरालाही नको, सगळी अक्षरं गोलाकडे झुकल्याने डोळा लवकर थकतो. दवाखाना, क्लास, मोबाइलचं दुकान, बेकरी यांच्यासाठी डोळे मिटून घ्या. फॉन्ट मोफत आहे आणि धंद्याच्या कामाला वापरायची परवानगीही आहे.