एएसी ब्लॉकच्या भिंती : तीन उन्हाळ्यांनंतरचे मत

घर बांधताना भाजक्या विटांऐवजी एएसी (ऑटोक्लेव्हड एरेटेड काँक्रीट, म्हणजे आत हवेच्या पोकळ्या असलेले हलके काँक्रीट) ब्लॉक घेण्याचा निर्णय आम्ही मुख्यतः पर्यावरणाचा विचार करून घेतला होता. तीन उन्हाळे या भिंतींआड काढल्यावर हा माल मोलाचा वाटतो, मात्र विक्रेते सांगतात तितका निर्दोष नाही.

राख किंवा वाळू, सिमेंट, चुना आणि किंचित ॲल्युमिनियमची भुकटी पाण्यात कालवली की हायड्रोजन वायू सुटून मिश्रण फुगते. मग ते कापून सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या वाफेत, दाबाखाली पक्के करतात. त्यामुळे विटांसाठी शेतातली सुपीक माती खरवडावी लागत नाही, भट्टीही पेटवावी लागत नाही, आणि औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी राख सत्कारणी लागते. तरीही सिमेंट आणि चुना तयार होताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच, म्हणून ‘शून्य प्रदूषण’ हा दावा मानू नये.

खरा फायदा वजनात आणि उष्णतेत आहे. ब्लॉकचे वजन घनमीटरला साधारण 550 ते 650 किलो, म्हणजे भाजक्या विटेच्या जेमतेम तिसरा हिस्सा. मात्र अभियंत्याने हा हलका भार धरून आराखडा सुरुवातीपासूनच केला, तरच सळई आणि काँक्रीट वाचते. आतल्या असंख्य बंद पोकळ्यांमुळे ऊन सावकाश आत येते, हे पश्चिमेकडच्या खोलीत स्पष्ट जाणवते. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, त्यावर हे ब्लॉक काय करणार?

आमची अडचण झाली ती कामात. गवंड्याने सवयीप्रमाणे ब्लॉक विटांसारखे भिजवले, जाड सांधे भरले आणि त्यावर सिमेंटचे प्रमाण जास्त असलेला कडक गिलावा केला; पहिल्याच वर्षी त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटले. उरलेल्या भिंती तयार मसाल्याच्या सुमारे तीन मिलिमीटरच्या सांध्यांनी बांधून, कॉलमजवळ जाळी लावून घेतल्या. त्या आजही धड आहेत. जड कपाट टांगायचे असेल तर साधा खिळा पुरत नाही, या ब्लॉकसाठी मिळणारे खास प्लग वापरावे लागतात. शिवाय ब्लॉक पाणी शोषतो, आणि न्हाणीघरात जलरोधक थर दिल्यानंतरही एका कोपऱ्यात ओल दिसते. ती भिंत पुन्हा बांधायची झाली तर मी विटेचीच बांधीन.