माती परीक्षण सेवा, सांगली: कार्ड चांगलं आहे, पण चुनखडी आणि सोडियम वेगळं सांगून तपासून घ्या

पलूस तालुक्यात नदीकडंला आमचा ऊस आहे आणि वरच्या अंगाला थोडी द्राक्षबाग. दोन्हीकडची माती यंदा तपासून घेतली, सरकारी मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे कार्ड, पण आहे आणि एका खाजगी लॅबचा रिपोर्ट पण, म्हणून दोन्ही सेवांबद्दल एकदमच लिहितोय, कुणाला लागण करायच्या आधी उपयोग झाला तर होईल.

आधी कार्डाबद्दल. योजना 2015 ला सुरू झाली, कार्डावर 12 गोष्टी येतात, सामू म्हणजे पीएच, क्षारता म्हणजे ईसी, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि मग जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. एवढं तपासून मिळतंय ही लय मोठी गोष्ट आहे आणि खताचा हिशोब त्यावरून खरंच बदलतो. आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेल्या उसाला शिफारस हेक्टरी 400 किलो नत्र, 170 स्फुरद, 170 पालाश अशी आहे, पण ती सरासरी जमिनीसाठी. कार्डावर स्फुरद "भरपूर" आला की त्यातला पाव हिस्सा कमी करता येतो, कर्ब कमी आला की नत्र तेवढाच वाढवावा लागतो. आपल्याकडं सगळे शेजाऱ्याचं बघून डीएपी खताची पोती आणतात, त्यापेक्षा हे कधीही बरं.

आता अडचण सांगतो. या योजनेत बागायतीला अडीच हेक्टरचा एक चौकोन धरून त्यातनं एक नमुना घ्यायची पद्धत होती, म्हणजे सव्वासहा एकराला एक नमुना. आमच्याकडं सव्वासहा एकरात नदीची मळीची जमीन, मधी भारी काळी आणि वर मुरमाड असं सगळं येऊन जातंय, मग त्या एका आकड्यावर कुठल्या तुकड्याला खत टाकायचं? म्हणून स्वतःच्या प्रत्येक तुकड्याचा वेगळा नमुना काढून द्या, त्याला पर्याय नाही.

आणि दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. त्या 12 मध्ये चुनखडी नाही आणि सोडियम पण नाही! सांगली जिल्ह्यात हेच दोन तर बघायला पाहिजेत. का ते सांगतो. आपल्या भागातला मूळ खडक बहुतेक सगळीकडं तोच, काळा बेसॉल्ट, पण पाऊस वेगळा. पश्चिमेला पाटण, महाबळेश्वरकडं एवढा पाऊस पडतो की मातीतला चुना धुऊन जातो, खाली जांभ्याची तांबडी आम्ल माती राहते. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतकडं पाऊसच नाही म्हणून चुना मातीतच साठतो. त्यामुळं "सातारा सांगलीची माती काळी" असं जे सरसकट बोलतात त्याला काही अर्थ नाही, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्याचा सल्ला तासगावच्या द्राक्षाला लावला तर वाटोळंच होणार.

खाजगी लॅबमध्ये मी मुक्त चुना म्हणजे चुनखडी आणि सोडियम जादाचं म्हणून तपासायला लावलं, वेगळे पैसे पडले पण सगळ्यात कामाचं तेच निघालं. बागेच्या तुकड्यात चुना 10 टक्क्यांच्या वर आला. पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी का पडत होती ते तेव्हा कळलं, उसात ज्याला आपण केवडा म्हणतो तसलंच. कार्डावर लोह पुरेसं होतं, पण चुन्यामुळं मुळांना ते उचलता येत नव्हतं, अशा जागी फेरस सल्फेट नुसतं मातीत टाकून भागत नाही, फवारणीतनं द्यावं लागतं किंवा चिलेटेड, म्हणजे चुन्यात अडकू नये असं बांधलेलं लोह, घ्यावं लागतं आणि जोडीला शेणखत.

नदीकडंच्या तुकड्याचं वेगळंच. तिथं पांढरे क्षार फुटतात आणि गावात ज्याला त्याला जिप्सम टाक म्हणून सांगतात. रिपोर्टात ईसी जास्त पण सामू 8.5 च्या आत आणि मातीच्या कणांना चिकटलेला, म्हणजे विनिमययुक्त सोडियम 15 टक्क्यांच्या आत, म्हणजे जमीन क्षारयुक्त आहे, चोपण नाही. क्षारयुक्तला जिप्समची गरज नसते, चर काढायचे किंवा सच्छिद्र पाइपचा निचरा करायचा आणि चांगल्या पाण्यानं क्षार खाली धुवायचे. जिप्सम चोपणला, जिथं सोडियम 15 च्या वर असतो आणि माती ओली झाली की चिकट आणि वाळली की दगडासारखी होते, कारण जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतो. तिथं पण निचरा नसला तर हुसकावलेला सोडियम जाणार कुठं, तिथंच बसणार. जिप्सम टाकायच्या आधी हा एक रिपोर्ट बघाच, कळकळीनं सांगतोय, पैसे पाण्यात जातात. आम्ही त्या तुकड्यात फुले 265 लावायचं ठरवलंय, क्षारपडला हा ऊस तग धरतो.

लॅबबद्दल तक्रार एकच, रिपोर्ट हातात दिला आणि विषय संपला. आकड्याचा अर्थ सांगायला कुणी नव्हतं. मी तोच कागद घेऊन कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात गेलो, तिथं नीट बसवून समजावून सांगितलं, पीक कुठलं, पाणी कुठलं सगळं विचारून. लॅबला 5 पैकी 3, कार्डाला 5 पैकी साडेतीन, डिग्रजला पूर्ण 5.

नमुना देताना: बांध, विहीर, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची जागा सोडून नागमोडी चालत आठ दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्या, उसाला वीतभर खोल, बागेला मात्र पहिल्या आणि दुसऱ्या फुटाची माती वेगवेगळी. सगळी मिसळून चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरपं नको, लाकडी किंवा प्लास्टिकचं. खताच्या रिकाम्या पोत्यात तर अजिबात भरू नका. गच्चीवर कुंड्या करणाऱ्यांनी मातीसोबत बोअरच्या पाण्याची बाटली पण द्या, कुंडीत क्षार बहुतेक वेळा पाण्यातनंच येतात.

आणि हे सगळं पीक निघाल्याबरोबर, खत टाकायच्या आधी करा. जूनच्या तोंडावर लॅबमध्ये गर्दी होते आणि रिपोर्ट लागण झाल्यावर हातात पडतो.