स्क्रीन रीडरवर चालणारा व्हिडिओ कन्व्हर्टर: पैसे भरलेला सोडला, फुकटातला धरला

मी पूर्ण अंध आहे, विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो, तेव्हा हा अनुभव त्या बाजूने वाचा. माझं काम एकच, लालबागच्या आमच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज. पुतण्या जुन्या हॅंडीकॅमवर शूट करतो, कार्डातून एमटीएस फाईली निघतात, त्या एमपी४ करून पेनड्राइव्हवर आणि ग्रुपवर द्यायच्या हे खातं माझ्याकडे.

आधी एक विकतचा कन्व्हर्टर होता. नाव लिहीत नाही, रिफंडचं भांडण चालू आहे. पहिले काही महिने झकास चालला हे मान्य. टॅब मारत जायचं, 'ॲड फाईल', 'फॉरमॅट', 'स्टार्ट' सगळं नीट बोलायचा. आणि त्याचा प्रोग्रेस बार मला फार आवडायचा. प्रोग्रेस बार साधा, नेहमीचा असला की एनव्हीडीए टूं टूं वाजवतं आणि काम पुढे सरकेल तसा सूर चढत जातो, त्यामुळे मी फाईल लावून आत चहा टाकायला जायचो आणि नुसत्या सुरावरून कळायचं की आता संपत आली.

गणपतीच्या तोंडावर त्याचा अपडेट आला. नवीन डिझाइन. टॅब मारला, 'बटन'. परत मारला, 'बटन'. मग 'बटन, बटन, बटन', मध्येच एक जागा जिथे काहीच बोलत नाही, आणि पुन्हा 'बटन'. टूं टूं पण गेलं. एनव्हीडीएची की आणि आर दाबून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून वाचणं, केलं तर थोडी अक्षरं सापडली, पण बटनांवर आता अक्षरंच नाहीत, नुसती चित्रं, त्याला ओसीआर तरी काय करणार.

कस्टमर केअरला सविस्तर मेल टाकला. उत्तर आलं, 'कृपया स्क्रीनशॉट पाठवा.' अहो, बटनाला आतून नाव दिलेलं नाही ही तक्रार आहे, ते स्क्रीनशॉटमध्ये दिसणार कसं? हेच परत लिहिलं तर फोन आला आणि पलीकडचा माणूस म्हणतो, 'घरात कुणी दिसणारं असेल तर त्यांना क्लिक करायला सांगा ना सर.' याचा मला अजून राग आहे. लायसन्स माझ्या नावावर, पैसे मी भरलेत, आणि स्टार्ट दाबायला पुतण्याची ऑफिसातून यायची वाट बघायची? बटनाला नाव देणं म्हणजे प्रोग्रॅममध्ये एक-दोन शब्द लिहायचे असतात, तेवढं केलं की स्क्रीन रीडर वाचतो. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात माहिती-तंत्रज्ञानातल्या सुलभतेचं कलम आहे, पण आत्ता कायदा बाजूला ठेवू, ज्याच्याकडून पैसे घेतले त्या गिऱ्हाइकाचं तरी बघा. एनव्हीडीए मायकल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध मुलाने २००६ मध्ये सुरू केलं, ते आजही फुकट मिळतं, आणि हे पैसे घेऊन दोन शब्द लिहीत नाहीत.

मग शोधाशोध. हॅंडब्रेक हा कन्व्हर्टर टाकून बघितला, फुकट आहे, प्रीसेट म्हणजे तयार सेटिंग निवडायचा आणि चालू करायचं, टॅबवर नावं बोलतो. ज्यांना कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत टाईप करायचा कंटाळा आहे त्यांनी हेच घ्या. फक्त ते प्रत्येक वेळी व्हिडिओ नव्याने एनकोड करतं, म्हणजे सगळा पुन्हा नव्याने बनवतं, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन तासांचं भजन म्हणजे रात्रभराचं काम.

म्हणून एफएफएमपेग या दुसऱ्या फुकटातल्या कन्व्हर्टरवर आलो आणि तिथेच राहिलो. कमांड प्रॉम्प्टवर चालतं म्हणजे प्रोग्रॅमरचं काम असेल असं वाटत होतं, पण उलट आहे, तिथे चित्रच नाही, सगळा मजकूर, आपल्याला अजून काय पाहिजे! एफएफएमपेग, हायफन आय, फाईलचं नाव, हायफन सी कॉपी, नवीन नाव डॉट एमपी४, एंटर. एनकोडिंग नाही, आतला व्हिडिओ तसाच राहतो, फक्त बाहेरचा डबा एमटीएसचा एमपी४ होतो, त्यामुळे रात्रभराचं काम चहा उकळायच्या आत होतं आणि क्वालिटी जशीच्या तशी.

आता इथे माझं मत थोडं बदललंय. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होतो की कॉपी केलं की झालं. पण हॅंडीकॅमच्या फाईलीत आवाज बहुतेक एसी३ या प्रकारचा असतो आणि तो बऱ्याच फोनवर वाजत नाही. मंडळातल्या काकूंचा फोन आला, 'अरे, तोंडं हलतायत, पण आवाज कुठाय?' भजनात आवाजच नसेल तर राहिलं काय! तर व्हिडिओ कॉपी ठेवायचा आणि फक्त आवाज एएसी या फोनवर चालणाऱ्या प्रकारात करायचा, हायफन सी कोलन व्ही कॉपी, हायफन सी कोलन ए एएसी. थोडा जास्त वेळ लागतो, पण सगळीकडे वाजतं.

दुसरा त्रास, काम चालू असताना ते फ्रेम, टाइम, स्पीड असे आकडे सतत बदलत राहतं आणि एनव्हीडीए ते वाचत सुटतं, डोकं उठतं. हायफन नोस्टॅट्स लिहिलं की गप्प. हे सगळं मी एका बॅच फाईलमध्ये, म्हणजे कमांड लिहून ठेवायच्या फाईलमध्ये टाकून ठेवलंय, शेवटी बीप वाजवणारी एक ओळ, आणि ती फाईल सेंड टू फोल्डरमध्ये. आता एमटीएसवर जायचं, शिफ्ट एफ१०, सेंड टू, एंटर, आणि बीपची वाट बघायची. बॅचमध्ये फाईलच्या नावाभोवती अवतरणचिन्हं टाका, नाहीतर नावात स्पेस आली की अडतं. चढता सूर नाही याची मात्र खरंच चुटपुट लागते, नुसत्या शेवटच्या बीपला ती मजा नाही.

विकतच्याचं लायसन्स अजून शिल्लक आहे. रिफंड नाही तर निदान अपडेटच्या आधीची जुनी आवृत्ती द्या असं आता लिहिलंय, ती पूर्ण बोलत होती, त्यांच्याकडे असणारच. एवढी एक लिंक पाठवायला त्यांना काय जड जातंय ते कळू दे.