तलवार की कंदील?

चवथीच्या सुट्टीत फोंड्याच्या घरी पाच जण जमणार. ‘मामा, डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळवू की कॉल ऑफ कथुलू?’ भाच्याचा प्रश्न. दोन्ही टेबलाभोवती बसून, पात्रं बनून, फासे टाकत गोष्ट रंगवायचे खेळ; पहिला तलवारी-राक्षसांचा, १९७४चा, दुसरा भयकथांचा, १९८१चा. मी दोन्ही खेळवलेत, म्हणजे गोष्ट सांगणारा मी.

खरा फरक दारापाशी दिसतो. ड्रॅगन्समध्ये बंद दार दिसलं की कोणीतरी लाथ घालतोच. लेव्हल वाढते तसं बळ वाढतं, जीव शून्यावर आलेलं पात्रही बहुधा वाचवता येतं. मग घाबरायचं कशाला? तीच मंडळी कथुलूत दाराला कान लावून दहा मिनिटं कुजबुजतात. तिथे जीव जेमतेम दहा-बारा अंकांचा आणि अनुभवाने तो वाढत नाही. भयंकर काही दिसलं की सॅनिटी, म्हणजे पात्राच्या मनाचा तोल, घटते ती वेगळीच. आमचा एक आडदांड गडी, एरवी पहिला वार त्याचा, कथुलूत चक्क वाचनालयात जाऊन बसला!

तयारी? ड्रॅगन्समध्ये पात्र बनवण्यातच संध्याकाळ जाते. कथुलूत प्रत्येक कौशल्याला शंभरपैकी टक्के, फासा तेवढा किंवा त्याखाली पडला की जमलं. नवख्याला लगेच कळतं. मात्र खेळवणाऱ्याला धागेदोरे आधी नीट विणावे लागतात. खर्चाचं म्हणाल तर दोन्हींचे सुरुवातीचे नियम फुकट मिळतात.

आरडाओरडा, हशा आणि महिनोन्‌महिने चालणारी मोहीम हवी असेल तर ड्रॅगन्स. एकच रात्र, बाहेर पाऊस आणि वीज गेलेली असेल (आपल्याकडे जातेच) तर कथुलू. भाच्याला मी कथुलूच सुचवला.